फुटक्या बरण्यांचे तुकडे परत मागवले तेव्हा: नागपूरच्या एका बचत गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरात नंदनवनकडे राहणाऱ्या अकरा बायकांचा हा बचत गट. गटाचं नाव, पुण्याच्या दुकानाचं नाव आणि ट्रान्सपोर्टवाल्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिघांचेही व्यवहार चालू आहेत. उन्हाळ्यात कैरीचं लोणचं, हिवाळ्यात संत्र्याचं मार्मालेड, असा त्यांचा धंदा. लेबलवर मार्मालेड छापलेलं असतं. गटात मात्र सगळ्या जणी त्याला मुरंबाच म्हणतात. आंबिया बहराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात कळमन्याच्या बाजारात उतरली, की यांच्या शेगड्या पेटतात.

तीन वर्षं सगळा माल नागपुरातच खपायचा. बरण्या पिशवीत घालून स्कूटीवरून नेऊन दिल्या की काम झालं. मग पुण्याच्या एका दुकानदाराने चव घेतली आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून 250 ग्रॅमच्या काचेच्या बरण्या मागवल्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात 240, नमुन्यादाखल म्हणा किंवा दुकानात मांडायला म्हणा. त्या बऱ्या गेल्या तर जानेवारीत संक्रांतीआधी आणखी 480.

माझा यात संबंध असा: मी वीसेक वर्षं प्रयोगशाळेच्या काचसामानाच्या धंद्यात होतो, तेही माल भरून पाठवण्याच्या बाजूला. गटाच्या सचिव ताईंचा मुलगा माझ्या ओळखीचा. पहिला माल फुटून पोचल्यावर त्याचा फोन आला, "काका, एकदा येऊन पाहा ना."

काय झालं

240 बरण्या 10 खोक्यांत गेल्या होत्या. खोके किराणा दुकानातून आणलेले, बिस्किटांचे, 3 प्लायचे, म्हणजे पुठ्ठ्यात कागदाचे तीनच थर. एका खोक्यात 24 बरण्या, 12-12 चे दोन थर, मध्ये रद्दीचा एक जाड थर, बाजूने रद्दीचे बोळे. वरून ब्राऊन टेपची एक आडवी पट्टी आणि स्केचपेनने लिहिलेलं "काच आहे, सांभाळून". छोट्या हत्तीतून नागपूरलगतच्या वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला, तिथून ट्रकने पुणे, तिथून दुकानदाराच्या माणसाने टेम्पोने दुकानात.

दुकानात खोके उघडले तेव्हा 31 बरण्या फुटलेल्या निघाल्या. नुसत्या 31 च असत्या तर गट कसाबसा सावरला असता. पण मार्मालेड म्हणजे साखरेचा पाक. एक बरणी फुटली की तो पाक खालच्या थरावर ओघळणार, रद्दी भिजणार, लेबलं सुटणार. धड असूनही वाणासाठी देता येणार नाहीत अशा बरण्या आणखी 74 निघाल्या. म्हणजे 240 पैकी 105 गेल्या. दुकानदाराला बरणी 110 रुपयांना होती; 11,550 रुपयांचा खड्डा. जानेवारीची मागणी त्याने रद्द केली नाही, पण स्पष्ट सांगितलं: असाच माल येणार असेल तर पाठवू नका.

मी गेलो तेव्हा खोलीत सगळ्या जणी होत्या आणि निकाल लागून गेला होता. अध्यक्ष काकू म्हणाल्या, "आम्ही तं नीटच भरतो, भाऊ. तिकडं नेऊन आपटून राह्यले असतील, आमच्या का हातात आहे?"

पहिला निर्णय: भांडायचं की नाही

ट्रान्सपोर्टवाल्याकडून भरपाई मागायची, असं बहुतेकींचं मत होतं. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची माल बुक केल्याची पावती, मागवून पाहिली. तिच्यावर "ओनर्स रिस्क", म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची, असा शिक्का, मालाची किंमत लिहायची जागा कोरी. आणि पुण्याच्या माणसाने माल उतरवून घेताना काहीही शेरा न लिहिता सही केलेली.

कॅरेज बाय रोड कायदा, 2007 प्रमाणे माल बुक केल्यापासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस देता येते, म्हणजे मुदत हातात होती. पण जादा जोखीम-दर भरून किंमत आधी जाहीर केलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित राहते, आणि वर ही कोरी सही. बिस्किटाच्या खोक्यात दोन थरांत भरलेली काच घेऊन वाद घालायला गेलो असतो तर समोरच्याने तो खोकाच टेबलावर ठेवला असता. विम्याचंही तेच. अपुऱ्या किंवा अयोग्य पॅकिंगमुळे झालेलं नुकसान मालवाहतुकीच्या विम्यात सहसा वगळलेलं असतं. विमा घ्यावा, पण पॅकिंग सुधारल्यावर.

भांडण सोडून दिलं. दोघी-तिघींना ते पटलं नाही, आणि मला वाटतं त्यांचं थोडं बरोबरही होतं. निदान एक पत्र द्यायला हवं होतं, म्हणजे पुढच्या वेळी गोडाऊनमध्ये आपलं तोंड ओळखीचं राहिलं असतं.

एक गोष्ट मात्र त्याच दिवशी ठरली. यापुढे बिल्टीवर किंमत लिहायची, आणि पुण्याच्या माणसाने खोका फाटका, ओला किंवा दबलेला दिसला तर पावतीवर तसं लिहूनच सही करायची. फुकटचं काम आहे, तरी कोणी करत नाही.

दुसरा निर्णय: तुकडे परत मागवायचे

गटापुढे तेव्हा तीन पर्याय चर्चेत होते: ट्रान्सपोर्ट बदला, जाड काचेची बरणी घ्या, नाहीतर सरळ प्लास्टिकची बरणी वापरा. मी म्हटलं, आधी तुकडे पाहू.

यावर हशा पिकला. फुटकी काच भाडं देऊन परत आणायची? पण पुण्याच्या दुकानदाराने बहुतेक तुकडे एका खोक्यात टाकून मागे ठेवले होते, ते त्याच ट्रान्सपोर्टने परत आले. 31 पैकी 26 बरण्या जुळवता आल्या. बाकीच्या कचऱ्यात गेल्या होत्या. पोर्चमध्ये रद्दी पसरून मी आणि सचिव ताईंनी ते तुकडे मांडले. चिकट पाक, त्यात भुशाचे कण, मुंग्या, आणि एवढं होऊनही संत्र्याच्या सालीचा वास येतच होता.

अर्ध्या तासात दोन ढीग वेगळे पडले.

एका ढिगात 12 बरण्या. यांच्यावर एक ठिकाण स्पष्ट दिसत होतं, खांद्याजवळ किंवा पोटावर, आणि तिथून कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा चहूकडे फुटलेल्या. तुकडे बारीक आणि पुष्कळ. हा धक्क्याचा मार. बरणी बरणीवर आदळली, किंवा खोका पडला.

दुसऱ्या ढिगात 11. यांत जाळं कुठेच नाही. बरणीचा तळ चकतीसारखा, जवळजवळ अखंड सुटून आलेला. चीर तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या काठावरून गोल फिरलेली, कडा गुळगुळीत, जरा लहरत गेलेली. वरचं भांडं धड, झाकणासकट. उरलेल्या 3 चं काही सांगता येईना.

चकतीसारखा सुटलेला तळ ही तापमानाच्या झटक्याची खूण आहे. काच उष्णता हळू पोचवते. गरम पदार्थ आत ओतला की आतला पृष्ठभाग फुगू पाहतो, बाहेरचा थंडच असतो, त्यामुळे बाहेरच्या बाजूला ताण येतो. काच दाब भरपूर सोसते, ताण सोसत नाही. आणि जिथे जाडी बदलते, म्हणजे तळाच्या काठाशी, तिथे ती हार मानते. बरणीची साधी काच साधारण 40 अंशांच्या आसपासचा एकदम फरक सहन करते. त्यापुढे भरवसा नाही.

हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण माझा हात बसलाय तो बोरोसिलिकेट काचेवर. प्रयोगशाळेतलं बीकर गरम झाल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगतं. ते बर्नरवर ठेवायची सवय असलेल्या माणसाला मुरंब्याच्या बरणीचं दुःख चटकन कळत नाही.

मग स्वयंपाकघरातली पद्धत विचारली. बरण्या रात्री धुऊन कडप्प्याच्या ओट्यावर पालथ्या घालतात. सकाळी सहाला मार्मालेड उतरतं आणि टिकावं म्हणून 85-90 अंशांना असतानाच भरतात. डिसेंबरच्या पहाटे नागपुरात पारा 10-12 पर्यंत उतरतो. म्हणजे फरक 70 च्या वर. भरलेली बरणी परत त्याच गार, ओल्या कडप्प्यावर.

"भरताना कधी तडकतात का?" मी विचारलं.

"दोन-तीन तडकतेच ना, दर खेपेला. बरण्याच खराब येऊन राह्यल्या म्हणून आम्ही फेकून देतो."

ज्या तिथेच तडकल्या त्या फेकल्या गेल्या. ज्यांना केसाएवढी चीर गेली त्या झाकण लागून, लेबल लागून पुण्याला निघाल्या, आणि 700 किलोमीटरच्या थरथरीने कुठेतरी त्यांचा तळ सोडला. कैरीच्या लोणच्याच्या बरण्या अशा कधी गेल्या नव्हत्या, याचा उलगडाही इथेच झाला. लोणचं गार भरतात, आणि मे महिन्यात नागपुरात गार बरणी मिळणार तरी कुठून?

हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा होता असं मला वाटतं. तुकडे न पाहता ट्रान्सपोर्ट बदलला असता तर जवळजवळ निम्मी फूट तशीच राहिली असती. आणि जाड काचेची बरणी घेतली असती तर ती वाढली असती, कारण काच जितकी जाड तितका आत-बाहेरचा फरक मोठा.

उपाय साधा होता. भरायच्या आधी बरण्या पातेल्यात कोमट पाण्यापासून हळूहळू तापवून घ्यायच्या, गरम असतानाच पुसून भरायच्या. खाली कडप्प्याऐवजी लाकडी पाट आणि त्यावर घडी घातलेला टॉवेल. भरल्यावर पंखा नाही, ओलं फडकं नाही. पुढच्या दोन खेपांत भरताना एकही बरणी तडकली नाही.

तिसरा निर्णय: खोका

उरली धक्क्याची फूट. इथे पर्याय बरेच होते आणि प्रत्येकाचा कोणी ना कोणी वकील होता.

प्लास्टिकची बरणी: साधी पेट बरणी 70 अंशांच्या पुढे मऊ पडून आकार सोडते, त्यात 85 अंशांचं मार्मालेड भरता येत नाही. शिवाय दुकानदाराने काचच मागितली होती. हा पर्याय पाच मिनिटांत बाजूला झाला.

तणस, म्हणजे धानाचा पेंढा: हा अध्यक्ष काकूंचा. त्यांचं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. संत्र्याच्या लाकडी पेट्यांत तणस घालून माल दूरदूर जात आलाय, मग बरण्यांना काय धाड भरलीये, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा चुकीचा नाही. तणस स्वस्त आहे आणि पहिल्या तासाला उत्तम गादी देतं. पण ते दबतं. आम्ही एक खोका तणस घालून भरला आणि दिवसभर सचिव ताईंच्या मुलाच्या ऑटोत मागे ठेवून फिरवला. संध्याकाळी उघडला तर वर चांगली चार बोटं जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेतच बरण्या एकमेकींना भेटतात. रद्दीच्या बोळ्यांचंही पुण्यापर्यंत हेच झालं होतं. शिवाय तणसात धूळ आणि किडे. खाण्याच्या वस्तूभोवती ते नको. काकूंना हे फारसं पटलेलं नाही, अजूनही.

प्रत्येक बरणीला बबल रॅप: चालण्यासारखं, पण 480 बरण्या गुंडाळायला दोन दिवस आणि दोन माणसं, आणि पुण्याच्या दुकानात तेवढाच कचरा.

खण असलेला खोका: 5 प्लायचा, 12 बरण्यांचा एकच थर, मध्ये पुठ्ठ्याचे उभे-आडवे खण. इतवारीत चौकशी केली; तळाला आणि वर पुठ्ठ्याची एकेक पाटी धरून खोका 52 रुपयांना पडला.

मी याच्या बाजूचा होतो, पण माझ्या सांगण्यावर 40 खोके छापून घेण्याऐवजी आधी 4 घेऊन आपटून पाहायचं ठरलं. इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशन या संस्थेची एक प्राथमिक चाचणी आहे, ती घरीही करता येते. 10 किलोच्या आतला खोका 76 सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकायचा: एकदा कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर. 76 सेंटिमीटर म्हणजे जेवणाच्या टेबलाची उंची. तिथून पडलेला खोका जमिनीला लागतो तेव्हा त्याचा वेग ताशी 14 किलोमीटरच्या आसपास असतो. तो किती अंतरात थांबतो यावर सगळं अवलंबून. 76 सेंटिमीटर पडलेली बरणी 2 मिलिमीटरमध्ये थांबली तर तिच्यावर सरासरी तिच्या वजनाच्या 380 पट जोर येतो. 1 सेंटिमीटरमध्ये थांबली तर 76 पट. पॅकिंगवाल्याच्या हातात एवढंच असतं, थांबायला जागा देणं.

बरण्यांत मिठाचं पाणी भरलं. याने परीक्षा जरा कडकच होते. वर मोकळी जागा असली की आपटल्यावर पाणी उसळून तळावर हातोड्यासारखं बसतं, घट्ट मार्मालेड तसं करत नाही. अंगणातल्या सिमेंटवर, शेजारपाजारच्या पोरांच्या उपस्थितीत:

जुना बिस्किटाचा खोका, 24 बरण्या, भरल्यावर दहा किलोच्या जरासा वर गेलेला, तरी तुलनेसाठी त्याच उंचीवरून टाकला. सातव्या आपटीला थांबलो. 9 गेल्या, त्यातल्या बहुतेक खालच्या थरातल्या; वरच्या बरण्यांचे तळ खालच्यांच्या झाकणांवर बसले होते.

नवा खणांचा खोका, तळाची पाटी न घालता. ही माझी चूक नव्हती, मुद्दाम केलं, कारण पाटीचे 3 रुपये वाचवावेत असं एकीचं म्हणणं होतं. दहा आपट्या झाल्या, 2 गेल्या, दोन्ही तळातून.

तोच खोका पाटीसकट. दहा आपट्या. कोपरा चेपून आत गेला, बरण्या सगळ्या शाबूत. चेपलेला कोपरा पाहून काकू हळहळल्या, पण कोपऱ्याचं कामच चेपायचं आहे.

चौथा खोका हलवून पाहायला ठेवला. भरलेला खोका कानाशी धरून हलवायचा. खुळखुळ्यासारखा वाजला तर उघडून परत भरायचा. या खोक्यात झाकणाच्या वर अर्धा सेंटिमीटर जागा राहत होती, म्हणून वरची पाटी दुहेरी केली.

वजन आणि हात

12 बरण्यांचा खोका साडेपाच किलोच्या आत बसला. इथे मी अडखळलो. काचेच्या धंद्यातला अनुभव असा की जड खोका माणूस दोन हातांनी उचलतो, हलका खोका एका हाताने फेकतो. आणि नंदनवनपासून पुण्याच्या दुकानापर्यंत तो खोका किती वेळा उचलला जातो हे मोजलं तर सहा वेळा: घरातून टेम्पोत, टेम्पोतून वाडीच्या गोडाऊनला, तिथून ट्रकमध्ये, पुण्याच्या गोडाऊनला, परत टेम्पोत, दुकानात. आता समृद्धी महामार्गाने जाणाऱ्या ट्रकला वाटेत खड्डे फारसे लागत नाहीत. थरथर असते, पण आपटी असते ती या सहा जागी.

म्हणून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवायचा पर्यायही पाहिला. उचलणं निम्म्यावर येतं. पण डिकीत आपल्या खोक्यावर कुणाची बॅग आणि कुणाचं गाठोडं येईल याचा नेम नाही, आणि 40 खोके एका वेळी कोणी घेईना. ट्रान्सपोर्ट तोच ठेवला.

तोड अशी काढली: दोन-दोन खोके एकावर एक ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बांधायचे. साडेदहा-अकरा किलोचा गठ्ठा झाला, एका हाताने फेकता न येण्याजोगा. 40 खोक्यांचे 20 गठ्ठे.

आणि एक शेवटची गोष्ट, जी सचिव ताईंनी काढली, मी नाही. त्या म्हणाल्या, 31 फुटल्या त्याचं जाऊ द्या, 74 खराब झाल्या त्याचं काय? फुटायची ती फुटेल, पण शेजारणीला घेऊन का बुडते? त्यांनी प्रत्येक बरणी जाड पारदर्शक पिशवीत घालून तोंड टेपने बंद करायला सुचवलं. बरणीमागे साठ पैसे. इतकी वर्षं काच पाठवूनही हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता, कारण रिकाम्या बीकरमधून काही सांडत नाही.

पाठवणी आणि निकाल

480 बरण्या दोन खेपांत गेल्या. एकदम पाठवल्या असत्या तर भाडं कमी पडलं असतं, पण पहिली खेप पाहून दुसरी सुधारता यावी म्हणून चार दिवसांचं अंतर ठेवलं. खोक्यांवर स्केचपेनच्या अक्षरांऐवजी पेल्याचं आणि वर जाणाऱ्या दोन बाणांचं चित्र छापलं, दोन बाजूंना. बाण पाळले जातात असा माझा अनुभव नाही, पण नसण्यापेक्षा बरे.

पहिली खेप: 240 पैकी 1 फुटली, पिशवीतल्या पिशवीत राहिली. शेजारच्या सगळ्या कोरड्या.

दुसरी खेप: 3 फुटल्या, तिन्ही एकाच खोक्यात. दुकानदाराच्या माणसाने या वेळी फोटो काढला आणि पावतीवर लिहिलंही. फोटोत तो खोका एकटाच दिसतो. कुणीतरी ट्रकमधली जागा भरायला गठ्ठ्याची पट्टी कापून तो खोका वेगळा काढला होता आणि आडवा सारला होता. आणखी 2 बरण्यांची झाकणं झिरपली. ती आमच्या घरचीच चूक, गरम असताना घट्ट पिळून नंतर गार झाल्यावर परत तपासली नव्हती. बऱ्याच बरण्यांच्या लेबलवर पुठ्ठ्याच्या खणांनी घासून पांढरट रेघा आल्या. दुकानदाराने त्या चालवून घेतल्या, पण कुरकुरला.

480 मागे 4 फुटल्या, 2 झिरपल्या. पॅकिंगचा खर्च बरणीमागे रुपयाभरावरून पाचच्या आसपास गेला, म्हणजे दोन्ही खेपांचा मिळून सुमारे 2,400 रुपये. डिसेंबरात एका खेपेत 11,550 गेले होते.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या 240 च्या आधी एक खोका पाठवून पाहायला हवा होता. एक खोका, एका ओळखीच्या माणसाकडे, त्याच ट्रान्सपोर्टने, आणि उघडताना फोटो. तीनशे रुपयांत सगळं कळलं असतं. हे मी गटाला नाही, दुकानदाराला सांगितलं. मागणी त्याची होती, घाई त्याची होती.

अंगणातल्या आपट्यांनी एक गोष्ट दाखवली नाही: खोका आडवा पडून त्यावर दुसऱ्याचा माल दहा तास बसला तर काय होतं. त्यासाठी खोका आडवा ठेवून त्यावर वीट-सिमेंटचं वजन टाकून रात्रभर ठेवायला हवं होतं. पुठ्ठ्याच्या लाटा उभ्या असतात तेव्हाच तो भार पेलतो. आडवा झाला की तो निव्वळ कागद.

लेबल खण घासून खराब होतं, तर ते पिशवीवर लावावं का बरणीवर, हा वाद अजून मिटलेला नाही. पिशवीवर लावलं तर वाणाला द्यायच्या वेळी पिशवी काढली जाणार, मग नाव कुठलं?

गटात आता कैरीची तयारी चालू आहे. गेल्या आठवड्यात सचिव ताईंनी भरलेला एक खोका दुपारभर गच्चीवर ठेवला होता, ट्रकच्या टपाखाली काय होत असेल ते पाहायला. बरण्यांना काही झालं नाही. ब्राऊन टेप मात्र चारच्या सुमारास आपोआप सुटून वर उभा राहिला होता. आता ओला करून लावायची कागदी टेप आणली आहे. ती टिकते का ते पाहणं चालू आहे, आणि काकूंनी शेजारच्या खोक्यात गुपचूप तणस भरून ठेवलं आहे.